वडिलांनी विकायला काढलेली गाडी पोराने ठेवून घेतली, पुढे त्यातूनच मॅकलॅरेन उभी राहिली

जुनी गाडी खोलून परत जोडलेल्या कुणालाही विचारा, सगळ्यात अवघड काम कोणतं?

इंजिन उतरवणं नाही. रंगकाम नाही. न मिळणारे पार्ट शोधणंही नाही.

सगळ्यात अवघड काम म्हणजे सगळं जोडून झाल्यावर गाडी पहिल्यांदा बाहेर काढणं. वर्षभर ती जॅकवर उभी असते, तोवर सगळं ठीक असतं. चाकं जमिनीला लागली आणि गाडी स्वतःच्या ताकदीवर चालायला लागली की मग कळतं, काय जमलंय आणि काय राहून गेलंय. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. कुठून तरी वास येतो. असा काही आवाज येतो, जो जागेवर इंजिन चालू होतं तेव्हा येत नव्हता.

अशाच एका पहिल्या फेरीची ही गोष्ट आहे. ठिकाण न्यूझीलंडमधलं ऑकलंड, साल साधारण १९५२. गाडी तेवीसेक वर्षं जुनी. ज्या मुलाच्या हातात ती गाडी आली, त्याचं आडनाव आज फॉर्म्युला वनमध्ये आणि जगातल्या महागड्या स्पोर्ट्स कारच्या नाकावर लिहिलेलं असतं.

मुलाचं नाव ब्रूस मॅकलॅरेन.

गॅरेजच्या वर राहणारं घर

ब्रूसचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ चा, ऑकलंडचा. वडील लेस आणि आई रूथ यांचा रेम्युएरा भागात पेट्रोल पंप आणि त्याला जोडून गॅरेज होतं. लेस स्वतः मोटारसायकलच्या शर्यतींत उतरलेले होते. म्हणजे घरात ग्रीस, पाने आणि शर्यतींच्या गप्पा हे रोजचंच होतं.

पण नऊ वर्षांचा असताना ब्रूसचा पाय दुखायला लागला. निदान झालं पर्थेस रोगाचं. या आजारात मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्तपुरवठा कमी पडतो आणि तो झिजायला लागतो. लहान मुलांनाच होणारा हा आजार. त्या काळी त्यावर मुख्य उपाय एकच, पायावर भार येऊ द्यायचा नाही.

ब्रूसला ऑकलंडच्या टाकापुना भागातल्या विल्सन होममध्ये ठेवलं गेलं. तिथे त्याने दोन वर्षं काढली. पाय बांधलेला, शरीर चौकटीला जखडलेलं. बाकीची पोरं मैदानात पळत होती, त्या वयात हा छताकडे बघत पडून होता. तरी चाकाच्या खाटा आणि खुर्च्या हाताशी असल्या की तिथली पोरं त्यांच्याही शर्यती लावायची, आणि त्यात ब्रूस पुढे असायचा असं सांगतात.

बरा होऊन तो चालायला लागला, पण डावा पाय उजव्यापेक्षा सुमारे दीड इंच आखूड राहिला. लंगडणं आयुष्यभर सुटलं नाही. मैदानी खेळांचा विषय तिथेच संपला.

मग त्याचं लक्ष गेलं वडिलांच्या गॅरेजकडे.

खोक्यांत भरून आलेली स्पोर्ट्स कार

ब्रूस चौदा-पंधरा वर्षांचा होता तेव्हा लेस यांनी एक जुनी गाडी विकत घेतली. ऑस्टिन सेव्हन अल्स्टर, १९२९ चं मॉडेल. किंमत ११० पौंड. ती चालत घरी आली नाही. सुट्या भागांच्या खोक्यांत भरून आली.

लेस यांचा हिशोब सरळ होता. गाडी जोडायची, चालू करायची आणि नफ्यात विकायची.

इथे ऑस्टिन सेव्हनबद्दल थोडं सांगायला हवं. ही इंग्लंडची लोकांची गाडी. १९२२ मध्ये ती आली आणि मोटारसायकलला साइडकार जोडून फिरणाऱ्या कुटुंबांना पहिल्यांदा खरी चारचाकी परवडायला लागली. आपल्याकडच्या जुन्या पिढीलाही 'बेबी ऑस्टिन' हे नाव ओळखीचं होतं. जर्मनीत हीच गाडी परवान्यावर बनवली जायची आणि बीएमडब्ल्यू कंपनी मोटारींच्या धंद्यात उतरली ती याच गाडीच्या जोरावर.

अल्स्टर हे या गाडीचं शर्यतीचं रूप. १९२९ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या टूरिस्ट ट्रॉफी शर्यतीत ऑस्टिनच्या छोट्या गाड्यांनी मोठ्या गाड्यांना घाम फोडला, त्यावरून हे नाव पडलं. दोन माणसं कशीबशी मावतील अशी बुटकी, हलकी, निमुळत्या शेपटीची गाडी. इंजिन फक्त ७४७ सीसीचं. तुलनेसाठी, आपल्या मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं होतं.

बापलेकांनी जोडकाम सुरू केलं. गॅरेजमधली नेहमीची गिऱ्हाइकं सांभाळून उरलेल्या वेळात हे काम. गाडी पूर्ण उभी राहायला सुमारे एक वर्ष गेलं.

मोटारगाडी कशी चालते हे शिकण्यासाठी यापेक्षा चांगली शाळा नाही. चालू गाडीत आपण फक्त स्टेअरिंग आणि तीन पेडल बघतो. खोक्यांतून आलेल्या गाडीत प्रत्येक वस्तू आधी हातात येते. ती कुठे बसते, कशाला जोडली जाते आणि ती नसेल तर काय होईल, हे कळल्याशिवाय पुढचा भाग बसत नाही.

पहिली फेरी आणि घाबरलेले वडील

गाडी तयार झाली. पहिली फेरी अर्थातच लेस यांनी मारली.

ते परत आले ते पांढरे पडून. गाडी सरळ जात नव्हती आणि धड थांबतही नव्हती. शर्यतीत मोटारसायकल पळवलेला हा माणूस, पण या चिमुकल्या गाडीने त्याला घाबरवलं. ही गाडी घरात ठेवायची नाही, विकून टाकायची, असं त्यांनी ठरवलं.

लेस यांची भीती वाजवी होती. ही गाडी असं का करते हे समजून घेऊ.

पहिली गोष्ट ब्रेक. ऑस्टिन सेव्हनचे ब्रेक तेलाच्या दाबावर नाही, तारांवर चालतात. चारही चाकांच्या तारांचा ताण सारखा नसेल तर ब्रेक दाबल्यावर एक चाक आधी धरतं आणि गाडी त्या बाजूला ओढली जाते. नव्या तारा पहिल्या काही फेऱ्यांत ताणल्याही जातात, म्हणजे आज बरोबर बसवलेला ब्रेक उद्या ढिला झालेला असतो. त्यात ब्रेकचं नवं लायनिंग ड्रमला पूर्ण टेकायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट मागचे पाटे. गाडी वळणावर एका बाजूला कलली की या पाट्यांमुळे मागचा आख्खा एक्सल किंचित वळतो. म्हणजे तुम्ही पुढून एक दिशा देता आणि गाडी मागून स्वतःचं मत सांगते. ज्याला हे माहीत नाही तो घाबरून स्टेअरिंग उलटं फिरवतो, गाडी दुसऱ्या बाजूला कलते आणि तोच प्रकार उलट्या दिशेने होतो. रस्त्यावर गाडी नागमोडी पळायला लागते.

तिसरी गोष्ट क्लच. या गाडीचा क्लच बदनामच आहे. पेडलची हालचाल इतकी थोडी की एकतर सुटलेला, नाहीतर पकडलेला, अधलंमधलं काही नाही. नवखा माणूस हमखास गचका देतो किंवा इंजिन बंद पाडतो.

या तिन्ही गोष्टी एकदम अंगावर आल्या तर कुणालाही वाटेल की गाडी विकलेली बरी.

ब्रूसला तसं वाटलं नाही. त्याने वडिलांची मनधरणी केली. विकू नका, मला ठेवू द्या, मी हिला नीट करतो. शेवटी लेस मानले. विकायला आणलेली गाडी मुलाच्या नावावर झाली.

ब्रूसच्या पुढच्या आयुष्याची दिशा इथे ठरली असं म्हणायला हरकत नाही. त्या दिवशी ऑस्टिन विकली गेली असती तर शर्यतीत उतरायला त्याच्याकडे दुसरी गाडी नव्हती.

फळझाडांमधला इंग्रजी आठ

ब्रूसचं लायसन्सचं वय झालं नव्हतं, त्यामुळे गाडी रस्त्यावर काढता येत नव्हती. मग त्याने घरामागच्या परसात ट्रॅक तयार केला. फळझाडांच्या मधून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वाट, आणि त्या वाटेवर तासन् तास ऑस्टिन.

या आकाराचा फायदा बघा. आठच्या आकड्यात एक डावं वळण येतं आणि लगेच एक उजवं. गाडी एका बाजूने कलते, सरळ होते, दुसऱ्या बाजूने कलते. मागचा एक्सल कधी आणि किती वळतो, हे अंगात भिनवायला याहून सोपी जागा नाही. वेग कमी, चूक झाली तर फार तर एखाद्या फांदीचं नुकसान. जी सवय वडिलांना एका फेरीत भयंकर वाटली, ती मुलाने शेकडो फेऱ्यांत ओळखीची करून घेतली.

न्यूझीलंडमध्ये तेव्हा पंधराव्या वर्षी लायसन्स मिळायचं. ते हातात पडल्यावर ब्रूसने पहिली स्पर्धा गाठली. ऑकलंडपासून सुमारे २५ मैलांवर मुरिवाई नावाचा समुद्रकिनारा आहे, तिथली चढणीची शर्यत. यात गाड्या एकेक करून सोडतात आणि घड्याळाशी स्पर्धा असते. ज्या गाडीला वडिलांनी नापास केलं होतं, त्याच गाडीत ब्रूस ७५० सीसीच्या गटात सगळ्यांत वेगवान ठरला.

तिथून तो थांबलाच नाही. वाळूवरच्या शर्यती, चढणी, मैदानातल्या कसरती, जिथे मिळेल तिथे ऑस्टिन पळवायची आणि घरी येऊन इंजिन पुन्हा उघडायचं. आणखी थोडा वेग कुठून निघतो ते शोधायचं, जोडायचं आणि पुन्हा फेरी मारायची. याच काळात फिल केर नावाचा मित्र भेटला. त्याच्याकडेही ऑस्टिन सेव्हन होती. हाच फिल पुढे मॅकलॅरेन कंपनीचा कारभार बघणार होता.

ऑकलंड ते युरोप

ऑस्टिननंतर मोठ्या गाड्या आल्या. वडिलांची ऑस्टिन हीली, मग कूपर कंपनीची शर्यतीची गाडी. ब्रूस इंजिनिअरिंग शिकत होता आणि सुट्टीत शर्यती करत होता.

१९५८ मध्ये न्यूझीलंडच्या ग्रां प्री संघटनेने होतकरू रेसरला युरोपला पाठवण्याची योजना सुरू केली. पहिलीच निवड ब्रूसची झाली. वय वीस, बरोबर मेकॅनिक मित्र, ओळखीचा म्हणून ऑस्ट्रेलियाचा रेसर जॅक ब्रॅबम. शिक्षण अर्धवट सोडून तो निघाला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीत नूरबुर्गरिंगला ग्रां प्री होती. जंगलातून जाणारा चौदा मैलांचा ट्रॅक, जगातल्या सर्वांत धोकादायक ट्रॅकपैकी एक. फॉर्म्युला वन आणि फॉर्म्युला टूच्या गाड्या एकत्र सोडल्या होत्या. छोट्या इंजिनाच्या कूपरमध्ये ब्रूस एकूण पाचवा आला आणि आपल्या गटात पहिला. त्याच शर्यतीत इंग्लंडचा आघाडीचा रेसर पीटर कॉलिन्सचा मृत्यू झाला. हा खेळ कसला आहे, हे ब्रूसने युरोपातल्या पहिल्याच मोसमात पाहिलं.

पुढच्या वर्षी तो कूपरच्या मुख्य संघात होता. १२ डिसेंबर १९५९, अमेरिकेतलं सेब्रिंग. शेवटच्या फेरीत आघाडीवर असलेल्या ब्रॅबमचं पेट्रोल संपलं. मागून येणारा ब्रूस पुढे गेला आणि जिंकला. ब्रॅबमने गाडी ढकलत ढकलत रेषेपार नेली, चौथा आला आणि जगज्जेता झाला. ब्रूस तेव्हा २२ वर्षं १०४ दिवसांचा होता. अमेरिकेतली इंडियानापोलिसची शर्यत सोडली तर इतक्या लहान वयात ग्रां प्री कुणीच जिंकली नव्हती. हा विक्रम २००३ मध्ये फर्नांडो अलोन्सोने मोडला.

मातीच्या जमिनीवरची कंपनी

चांगल्या संघात चांगली जागा होती. १९६२ मध्ये मोनॅकोची शर्यतही त्याने जिंकली. पण दुसऱ्याने बनवून दिलेली गाडी चालवणं त्याला पुरत नव्हतं. १९६३ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली.

सुरुवातीची जागा म्हणजे लंडनजवळच्या न्यू मॉल्डनमधली एक शेड. खाली मातीची जमीन, आणि शेजारी रस्ता सपाट करायचं एक मोठं यंत्र उभं. या शेडमध्ये ब्रूसने काय केलं? पुन्हा एक जुनी गाडी उघडली.

अमेरिकेतल्या रॉजर पेन्स्कीने अपघात झालेल्या एका फॉर्म्युला वन कूपरची स्पोर्ट्स कार करून घेतली होती. झेरेक्स स्पेशल हे तिचं नाव. १९६४ मध्ये ब्रूसने ती विकत घेतली. त्याच्या माणसांनी सांगाड्याचा मधला भाग कापून काढला, तिथे नवा बसवला आणि मागे ओल्ड्समोबिलचं आठ सिलिंडरचं मोठं इंजिन घातलं. वेळ इतका कमी होता की एक्झॉस्टचे आठ पाइप तसेच आकाशाकडे तोंड करून ठेवावे लागले. अशा अवतारात ती गाडी कॅनडात मॉस्पोर्टला पोचली आणि पहिल्याच शर्यतीत जिंकली.

पण पहिली फेरी दर वेळी अशी सुखाची नसते. १९६६ मध्ये मोनॅकोला मॅकलॅरेन नावाची पहिली फॉर्म्युला वन गाडी उतरली. एम२बी. तिच्या सांगाड्यासाठी विमानांच्या कामातून आलेल्या रॉबिन हर्ड या तरुण इंजिनिअरने दोन ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये बाल्सा लाकूड बसवलेला पदार्थ वापरला होता. कल्पना उत्तम होती. पण अमेरिकन शर्यतीचं इंजिन छोटं करून बसवलेलं, त्यात आवाज प्रचंड आणि ताकद कमी. शंभर फेऱ्यांच्या शर्यतीत नवव्या फेरीनंतर तेल गळायला लागलं आणि गाडी थांबली.

योगायोग बघा, त्यानंतर महिन्याभरातच ब्रूस आणि न्यूझीलंडचाच ख्रिस एमन या जोडीने फोर्डच्या गाडीत ल मॉन्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. दुसऱ्याच्या गाडीत जगज्जेतेपणा आणि स्वतःच्या गाडीत तेलगळती. तरी ब्रूसने स्वतःची गाडी सोडली नाही. ऑस्टिन सोडली नव्हती, तसंच.

गाडी काय सांगते ते ऐकणारा माणूस

ब्रूस त्या काळातला सर्वांत वेगवान रेसर होता का? बहुतेक जण नाही म्हणतील. जिम क्लार्क, जॅकी स्टुअर्ट यांच्यासारखी त्याची ख्याती नव्हती. पण चाचणीला त्याच्यासारखा माणूस नाही, हे सगळे मानायचे. नवी गाडी तयार झाली की पहिली फेरी तो स्वतः मारायचा. परत येऊन नेमकं काय बिघडलंय हे सांगायचा, आणि अनेकदा उपायही सांगायचा.

अशाच एका चाचणीत त्याला दिसलं की गाडीच्या नाकावरचं एक छोटं झाकण वेगात उघडझाप करतंय. दुसरा कुणी असता तर झाकण नीट बसवलं नाही म्हणून मेकॅनिकवर चिडला असता. ब्रूसच्या मनात प्रश्न आला. वेग वाढला की वारा वरून झाकण दाबतो, मग ते उघडतंय कसं? याचा अर्थ आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त आहे. रेडिएटरमधून आत शिरलेली हवा कोंडली जातेय, बाहेर पडायला तिला वाटच नाही.

तो पिटमध्ये आला, पत्रा कापायची कात्री घेतली आणि रेडिएटरच्या मागचा पत्रा कापून टाकला. हवेला वाट मिळाली. गाडी लगेच जास्त वेगाने फेऱ्या मारायला लागली. शर्यतीच्या गाड्यांच्या नाकावर आज जी मोठी भोकं दिसतात, त्यामागे हाच विचार आहे.

या पद्धतीचं फळ १९६७ पासून दिसायला लागलं. अमेरिका आणि कॅनडात कॅन-ॲम नावाची मालिका चालायची. नियम कमी आणि इंजिनं अवाढव्य. ब्रूसच्या संघाने नवी गाडी मोसमाच्या बऱ्याच आधी तयार केली आणि इंग्लंडमधल्या गुडवुड ट्रॅकवर दिवसचे दिवस पळवली. जे मोडायचं ते तिथेच मोडू दिलं. मग पपईच्या रंगाच्या त्या गाड्यांनी सहापैकी पाच शर्यती जिंकल्या आणि ब्रूस विजेता ठरला. १९६९ मध्ये तर अकरापैकी अकरा. सहा ब्रूसने जिंकल्या, पाच त्याचा सहकारी डेनी हल्मने.

१९६८ मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर स्वतःच्या नावाच्या गाडीत त्याने फॉर्म्युला वनची शर्यतही जिंकली. पुढे असलेल्या जॅकी स्टुअर्टला अगदी शेवटी पेट्रोलसाठी थांबावं लागलं. आपण जिंकलोय हे ब्रूसला शर्यत संपेपर्यंत माहीतही नव्हतं. पिटमध्ये आल्यावर कळलं. स्वतः बनवलेल्या गाडीत ग्रां प्री जिंकणारे त्याच्या आधी दोघेच होते, त्याचा जुना साथीदार जॅक ब्रॅबम आणि डॅन गर्नी.

आता त्याच्या डोक्यात रस्त्यावर चालवायची स्पोर्ट्स कार होती. एम६जीटी नावाची पहिली गाडी तयार झाली तेव्हा तो ती स्वतःच घर ते कारखाना वापरायला लागला. रोजच्या रस्त्यावर ती काय त्रास देते, हे बघायचं होतं.

२ जून १९७०

मे १९७० मध्ये इंडियानापोलिसला सरावात आग लागून डेनी हल्मचे हात भाजले. नव्या मोसमाची कॅन-ॲम गाडी एम८डी तयार होत होती. चाचण्यांचं काम होतंच.

२ जूनला ब्रूस गुडवुडला नवी गाडी घेऊन उतरला. मॉस्पोर्टची पहिली शर्यत बारा दिवसांवर आली होती. हीच जागा, हेच काम. फेरी मारायची, पिटमध्ये यायचं, सांगायचं, बदल करायचा, पुन्हा जायचं.

एका फेरीत सरळ पट्ट्यावर गाडीचा मागचा पत्रा सुटला. अशा गाडीत मागचा भाग नुसता झाकण नसतो. वाऱ्याच्या दाबाने मागची चाकं जमिनीला चिकटवून ठेवायचं काम तोच करतो. तो उचलला गेला आणि चाकांची पकड क्षणात गेली. गाडी फिरली आणि ट्रॅकच्या कडेला असलेल्या पहारेकऱ्यांच्या जुन्या चौथऱ्यावर आदळली. गुडवुडवर चार वर्षांपूर्वीच शर्यती बंद झाल्या होत्या, चौथरा मात्र तसाच होता.

ब्रूस जागीच गेला. वय ३२. मागे पत्नी पॅटी आणि लहान मुलगी अमांडा.

त्याला शर्यतीत मरण आलं नाही. चाचणीत आलं. नवी गाडी आधी स्वतः चालवून बघायची, ही सवय त्याने चौदाव्या वर्षी लावून घेतली होती. तिने त्याला सगळं मिळवून दिलं. आणि त्यातला धोका नेहमी तो स्वतःच पत्करत होता. दुसऱ्याला पुढे केलं नाही.

त्या संध्याकाळी कारखान्यातल्या लोकांना सांगण्यात आलं की उद्या सुट्टी घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कामावर हजर होते. बारा दिवसांनी मॉस्पोर्टला मॅकलॅरेनची गाडी उतरली, डॅन गर्नीने ती चालवली आणि जिंकली. हात पूर्ण बरे झालेले नसताना डेनी हल्मनेही त्याच शर्यतीत भाग घेतला आणि त्या मोसमाचं विजेतेपद मिळवलं.

वोकिंगमधली छोटी गाडी

१९७४ मध्ये इमर्सन फिटिपाल्डीने मॅकलॅरेनला फॉर्म्युला वनचं पहिलं जगज्जेतेपद मिळवून दिलं. पुढे निकी लाउडा, अलेन प्रॉस्ट, आयर्टन सेना, मिका हॅकिनेन, लुईस हॅमिल्टन याच संघातून जिंकले. २०२४ मध्ये संघाने पुन्हा कन्स्ट्रक्टर्सचं विजेतेपद घेतलं. गाडीचा पपई रंग पाहिला की आजही लोक ओळखतात.

इंग्लंडमध्ये वोकिंगला मॅकलॅरेनचं मुख्यालय आहे. काचेची प्रचंड इमारत, समोर तळं. आतल्या लांबच लांब मार्गिकेत कंपनीच्या इतिहासातल्या गाड्या ओळीने मांडल्या आहेत. जगज्जेत्यांच्या, कोट्यवधींच्या.

त्यांच्यात एक बुटकी, जुनाट, मॅकलॅरेनचं नाव नसलेली गाडीही उभी आहे. १९२९ ची ऑस्टिन सेव्हन अल्स्टर. खोक्यांत भरून आलेली, पहिल्या फेरीत वडिलांना घाबरवणारी आणि एका लंगडणाऱ्या पोराच्या हट्टापायी विकायची राहिलेली.